मावळ्याचा अंगरखा कोणत्या रंगाचा?

मराठ्यांची फौज रात्रीतून घाट उतरली, असे वाक्य इतिहासाच्या पुस्तकात सहज लिहिता येते. त्या फौजेतल्या एखाद्या माणसाच्या पायात काय होते, पागोटे कसे बांधलेले होते, तलवार कुठल्या बाजूला आणि कशाने अडकवलेली होती, हे लेखकाला सांगावे लागत नाही आणि वाचकही विचारत नाही. तोच माणूस तीन इंचांच्या लघुमूर्तीत जुळवून रंगवायचा ठरवला, की यातला एकही प्रश्न टाळता येत नाही. मूर्तीला पाय आहेत, म्हणजे ते अनवाणी हवेत किंवा त्यांत काही घातलेले हवे. अंगरखा आहे, म्हणजे त्याला रंग हवा. लिहिणाऱ्याला ‘बहुधा’ म्हणून पुढे सरकता येते. ब्रशला ते म्हणता येत नाही. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. ऐतिहासिक लघुमूर्तीचा किट जुळवून रंगवणे हा पुराव्याच्या आधाराने विचार करायला शिकवणारा अतिशय सोपा आणि प्रामाणिक मार्ग आहे. ज्या महाराष्ट्रात दर दिवाळीला अंगणाअंगणात किल्ले उभे राहतात, त्या महाराष्ट्राने तो अजून गांभीर्याने घेतलेला नाही, आणि आता घ्यायला हवा.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो. किटमध्ये तयार शिपाई नसतो, त्याचे सुटे भाग असतात. प्लॅस्टिकचा किट असेल तर डोके, धड, हात, म्यान, पट्टे हे सगळे स्प्रू नावाच्या चौकटीला चिकटलेले येते. रेझिनचा किंवा धातूचा असेल तर ओतीव तुकडे हाती पडतात. ते कटरने सोडवायचे, साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर उठलेली बारीक रेघ पात्याने खरवडून कानशीने घासायची. रेझिन पाण्यात भिजवून आणि तोंडाला मास्क लावूनच घासावे, कारण त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. प्लॅस्टिकचे सांधे त्या प्लॅस्टिकलाच किंचित विरघळवणाऱ्या गोंदाने जुळतात, रेझिनला आणि धातूला सुपरग्लू लागतो. फटी पुट्टीने भरायच्या, सगळ्यावर प्रायमरचा एक पातळ हात द्यायचा आणि मग रंगाकडे वळायचे. ५४ मिलिमीटर हे या छंदातले जुने, रुळलेले माप. ७५, ९० आणि १२० मिलिमीटरच्या मूर्तीही असतात. एवढ्या लहान वस्तूवर उजेड खऱ्या माणसावर पडतो तसा पडत नाही. म्हणून सावली आणि उजेडही रंगवावे लागतात. कापडाच्या घड्यांत पातळ गडद रंग उतरवायचा, उंचवट्यांवर फिका हात फिरवायचा. खऱ्या कापडाचा रंग जसाच्या तसा लावला तर मूर्तीवर तो अधिक गडद दिसतो, म्हणून तो थोडा उजळून घ्यावा लागतो. डोळे सर्वांत अवघड. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीला जो मान असतो, तोच इथेही आहे.

हे कसब मोठे आहे, पण त्याहून मोठे आहे ते या कामाने भाग पाडलेले शोधणे. त्याचा सर्वांत ठळक दाखला लंडनमध्ये पाहायला मिळतो. वॉटर्लूची लढाई १८१५ च्या जूनमध्ये झाली. १८३० मध्ये विल्यम सायबॉर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याकडे त्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम आले. तो रणभूमीवरच्या ला हे सेंत या शेतवाड्यात जाऊन आठ महिने राहिला आणि सगळी जमीन मोजून काढली. मग त्याच्या लक्षात आले की सत्तर हजारांहून अधिक छोटे शिपाई मांडायचे तर प्रत्येक पलटण नेमक्या वेळी नेमकी कुठे होती हे कळल्यावाचून एकही शिपाई ठेवता येणार नाही. म्हणून लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठवली. संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची तुकडी कुठे होती, समोर शत्रूची कोणती रचना होती, शेतात कोणते पीक उभे होते, असे त्याचे प्रश्न होते. पिकाबद्दल कोणता इतिहासकार विचारतो? पण जमिनीला रंग द्यायचा असल्याने सायबॉर्नला ते विचारणे भाग होते. उत्तरे शेकड्यांनी आली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यांतली निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि वॉटर्लूवर लिहिणाऱ्या कोणालाही आजवर त्यांना टाळून पुढे जाता आलेले नाही. एका प्रतिकृतीच्या गरजेतून लढाईचा एक मोठा दप्तरखाना उभा राहिला.

याच प्रतिकृतीने दुसरी गोष्टही दाखवली. पुराव्यांवरून सायबॉर्नच्या ध्यानात आले की निर्णायक घडीला प्रशियाचे सैन्य रणांगणावर मोठ्या संख्येने पोहोचलेले होते, आणि तसे त्याने मांडले. वॉटर्लूचा ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन याच्या बाजूला ते रुचले नाही, कारण विजयात वाटेकरी दिसत होता. (असईच्या मैदानावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच.) दबाव वाढत गेला आणि अखेर सायबॉर्नने हजारो प्रशियन शिपाई प्रतिकृतीवरून उचलले. ती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. एक सेंटिमीटर उंचीच्या शिशाच्या बाहुल्यांबद्दल एका साम्राज्याच्या सर्वांत बड्या सेनापतीला इतके वाटावे, याचा अर्थ उघड आहे. लघुमूर्ती ठेवणे म्हणजे विधान करणे होय. ग्रंथातले विधान शेपाचशे पाने वाचल्यावर सापडते. मांडलेल्या प्रतिकृतीतले विधान दारातूनच दिसते आणि म्हणूनच त्यावरचा वादही लगेच सुरू होतो.

पोशाखाच्या रंगाबाबतही हेच घडते. नेपोलियनच्या पायदळाचा शिपाई हा जगभरच्या लघुमूर्तिकारांचा फार आवडता विषय. त्याचा कोट निळा, हे सर्वांना ठाऊक असते. पण ‘कोणता निळा’ हे विचारायला लागले की माणूस शिपायापासून फार दूर जाऊन पोहोचतो. तो निळा नीळीचा. हैतीतल्या गुलामांच्या उठावानंतर तिथल्या फ्रेंच वसाहतीची नीळ आटली, बंगालची नीळ इंग्रजांच्या ताब्यात होती आणि समुद्रही त्यांच्याच ताब्यात होता. टंचाई इतकी झाली की १८०६ मध्ये नेपोलियनने पायदळाला पांढरे कोट देण्याचा हुकूम काढला आणि काही पलटणींना ते मिळालेही. पुढच्याच वर्षी तो बेत सोडून द्यावा लागला. समोरच्या इंग्रज शिपायाचा लाल कोट घ्या. साध्या शिपायाचा लाल मंजिष्ठाच्या जातीच्या मुळ्यांपासून काढलेला, विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा लाल मेक्सिकोकडच्या कोचिनील किड्यापासून काढलेला, झळझळीत. दोघांना एकाच डबीतला लाल लावला तर मूर्ती सुबक दिसेल, पण त्या सैन्यातला हुद्द्याचा आणि पैशाचा फरक पुसला जाईल. याशिवाय नियमावली आणि वस्तुस्थिती यांचा झगडा आहेच. १८१२ मध्ये फ्रेंच सैन्यासाठी तपशीलवार पोशाख-नियम ठरले. त्याच वर्षी रशियाच्या मोहिमेत गेलेल्या फाबर द्यु फोर या वुर्टेंबर्गच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने जे डोळ्यांनी पाहिले ते चितारले, आणि त्यातली माणसे कापडाचे तुकडे अंगाभोवती गुंडाळून बर्फातून चाललेली आहेत. नियमाप्रमाणे रंगवायचे की चित्राप्रमाणे? रंगवणाऱ्याला निवड करावी लागते, आणि निवडीमागचे कारण सांगावे लागते.

आता आपल्याकडे येऊ. दिवाळीत पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात आणि इतरत्रही मुले दगड-माती-पोत्यांचे किल्ले करतात, आळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवून घेतात आणि कुंभारवाड्यातून किंवा बाजारातून आणलेली चित्रे त्यावर मांडतात. सिंहासनावर महाराज, दोन बाजूंना भालदार-चोपदार, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी गवळण आणि बाजार. जगात मुलांनी आपल्या इतिहासाची प्रतिकृती घरोघरी उभारण्याची अशी लोकपरंपरा फार थोड्या ठिकाणी असेल. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या परंपरेत मुलांच्या हाताला काम असते ते मातीचे. चित्रे तयार येतात, साच्यातून निघालेली आणि घाईत रंगवलेली. बुरुज कुठे हवा, दरवाजा वळणात का लपवायचा, पाण्याचे टाके कुठे खोदायचे हे मूल स्वतः ठरवते, त्यासाठी खरा किल्ला पाहून येते, मोठ्यांशी वाद घालते. मावळ्याबद्दल मात्र ते काहीच ठरवत नाही, कारण तो रंगूनच आलेला असतो. म्हणजे ज्या जागी सर्वांत अवघड आणि सर्वांत रोचक प्रश्न आहेत, नेमकी तीच जागा आपण मुलांपासून काढून घेतली आहे.

ते प्रश्न कोणते, हे एकाच उदाहरणाने पाहता येईल. साधा अंगरखा घ्या. बाजारातल्या मावळ्याचा अंगरखा दुधासारखा पांढरा असतो. न रंगवलेले हातमागाचे सुती कापड तसे नसते, ते पिवळसर-मळकट असते; लघुमूर्तीवर शुद्ध पांढरा फक्त अगदी टोकाच्या उजेडासाठी राखून ठेवतात. रंगीत कापड हवे असेल तर सतराव्या शतकातला रंगारी काय वापरत होता ते पाहावे लागते. निळ्यासाठी नीळ, तांबड्यासाठी आल किंवा मंजिष्ठ, केशरी-गुलाबी छटांसाठी कुसुंबा, आणि हा कुसुंबा धुण्यात आणि उन्हात टिकत नाही. रसायनशाळेत तयार झालेला पहिला कापडाचा रंग, पर्किनचा जांभळा, १८५६ मधला. तेव्हा किल्ल्यावरच्या मावळ्याच्या शेल्याला जो भडक जांभळा रंग असतो तो त्याच्या पणतूच्या पणतूलाही मिळाला नसता. घोड्याचेही तसेच. युरोपीय किटमधला उंच, भरदार छातीचा घोडा मराठा स्वाराखाली दिला तर चित्र रुबाबदार होते, पण भीमथडीची तट्टे लहान चणीची, काटक आणि डोंगरवाटांना सरावलेली होती. त्या लहान घोड्यातच मराठ्यांच्या युद्धपद्धतीचे निम्मे कारण आहे. बंदूकवाल्याचे पाहा. तोड्याची बंदूक जळत्या तोड्याशिवाय उडत नाही. हातात बंदूक आणि तोडा कुठेच नाही, असा शिपाई रंगवला तर तो लढायला नाही, मिरवायला उभा आहे. आणि तोडा रंगवला की पावसाळ्याचा प्रश्न आपोआप येतो आणि मोहिमा दसऱ्याला का निघत हेही पोराला न शिकवता कळते.

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप इथेच येतो. साधने इतकी तोकडी असताना मूर्ती घडवणे म्हणजे अंदाजाला खात्रीचे रूप देणे नाही का? लिहिणारा निदान ‘बहुधा’ म्हणून मोकळा होतो. रंगवणारा अंदाज लपवतो आणि पाहणारा तो खरा मानून घरी जातो. हा धोका काल्पनिक नाही, तो आपल्याकडे घडून गेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इब्राहिमखान नावाच्या एका वेगळ्याच व्यक्तीचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले आणि पूजले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून मिळालेले महाराजांचे चित्र १९३३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ती चूक मोडली. चित्राची पकड शब्दाहून घट्ट असते हे यावरून मान्यच करायला हवे. पण या घटनेतून उपायही दिसतो. चूक टिकली ती चित्र होते म्हणून नव्हे. हे चित्र कुठून आले, हे कोणी विचारत नव्हते म्हणून. बेंद्र्यांनी तोच एक प्रश्न विचारला. आज ॲमस्टरडॅमच्या रेक्स म्युझियममध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि इटालियन प्रवासी मनुचीच्या संग्रहातून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेलेली महाराजांची जुनी दख्खनी वळणाची चित्रे उपलब्ध आहेत, आणि पॅरिसच्या चित्रात तर घोड्यावरच्या महाराजांसोबत चालणारी माणसेही आहेत. त्यांच्या पोशाखावरून नजर फिरवायला कोणाची परवानगी लागत नाही.

तरीही पुष्कळ काही निसटतेच, आणि त्यासाठी माझा एक सरळ प्रस्ताव आहे. उत्खननात सापडलेले मडके जोडताना हरवलेला भाग साध्या प्लास्टरने भरतात आणि तो वेगळा दिसू देतात, म्हणजे जुने कोणते आणि आपण भरलेले कोणते हे पाहणाऱ्याला कळते. लघुमूर्तीतही हे करता येते. जिथे पुरावा आहे तिथे रंग द्यावा आणि जिथे केवळ अंदाज आहे तिथे प्रायमरचा राखाडी थर तसाच सोडावा. अशी अर्धी राखाडी मूर्ती दिवाणखान्यात शोभणार नाही, हे कबूल. पण शाळेत आणि वस्तुसंग्रहालयात ती दहा सुबक मूर्तींपेक्षा जास्त शिकवील. ज्यांना पूर्ण रंगवलेली मूर्तीच हवी त्यांनी तळाशी एक चिठ्ठी लावावी. पागोटे अमुक चित्रावरून, तलवार अमुक संग्रहालयातल्या नमुन्यावरून, शेला अंदाजाने. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी शस्त्रे प्रत्यक्ष पाहता येतात. त्यांसमोर वही घेऊन उभे राहणारे मूल अंदाजाला खात्री समजण्याची चूक करणार नाही. काळाची सरमिसळही या चिठ्ठीने थांबेल. शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटनने १८०९ ची पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने छापली, त्यात एका हिंदी चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली रंगीत चित्रे आहेत. ती दौलतराव शिंद्यांच्या काळासाठी अनमोल आहेत. त्यांवरचे पागोटे उचलून १६७० च्या मावळ्याला घातले तर सव्वाशेहून अधिक वर्षांची चूक होते, आणि चिठ्ठी लिहावी लागली की ती चूक लिहिणाऱ्याच्याच ध्यानात येते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो. गुंड्या आणि गोंडे मोजत बसणे म्हणजे इतिहास नव्हे. राज्य का उभे राहिले, महसूल कसा गोळा होई, शेतकरी कसा जगत होता, हा इतिहास. मला हे म्हणणे पूर्ण पटते आणि म्हणूनच मूर्तीचा आग्रह धरावासा वाटतो. कारण गुंडीपासून महसुलापर्यंत जाणारी वाट फार जवळची आहे. एक घोडेस्वार रंगवायला घ्या आणि विचारा, हा बारगीर की शिलेदार? बारगिराला घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत, शिलेदार ती स्वतःची आणत असे. म्हणजे शिलेदाराचा घोडा, खोगीर, कपडे त्याच्या ऐपतीप्रमाणे वेगवेगळे हवेत आणि पागेतल्या बारगिरांच्या सरंजामात काही सारखेपणा दाखवता येईल. घोड्याचा मालक कोण, या प्रश्नात राज्याच्या तिजोरीचा, वतनदारांच्या ताकदीचा आणि शिवाजी महाराजांनी पागेवर दिलेल्या भराचा सगळा विषय आला. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. आजवर किल्ल्यावरच्या चित्रांत पखालजी आणि नालबंद यांना किती जागा मिळाली? पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा माणूस नसता तर घोडदळ दोन मुक्कामही गेले नसते. खरा बारकावा धरून रंगकाम करणारा शेवटी गुंडीपाशी थांबत नाही, तो या दोघांपर्यंत पोहोचतो. आणि जो गुंडीपाशीच थांबतो त्याचा दोष बारकाव्याचा नसतो, अर्धवट बारकाव्याचा असतो.

लढाईचे गोडवे गायला मुलांना शिकवू नका, असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांची काळजी खोटी नाही. शिपायांच्या रांगा मांडण्यात एक नशा असतेच. त्यावर इतकेच सांगतो की मोठ्या मापाची एकच मूर्ती रंगवण्याचा परिणाम रांगा मांडण्याच्या उलट असतो. कित्येक संध्याकाळी एकाच चेहऱ्याच्या सुरकुत्या, झिजलेली चप्पल आणि फाटका शेला रंगवल्यावर तो शिपाई संख्येतला एक राहत नाही. शिवाय विषय शिपायाचाच असला पाहिजे असेही नाही. पानिपताला गेलेल्या मराठी फौजेबरोबर न लढणाऱ्यांचा प्रचंड समुदाय होता. त्यात यात्रेकरू होते, बायकामुले होती, बाजारकरी होते. त्यांच्यातल्या एकाची मूर्ती करून पाहावी. १७६१ चा जानेवारी समजायला त्या एका मूर्तीची मदत पुष्कळ होईल. राहता राहिला श्रद्धेचा मुद्दा. महाराजांच्या मूर्तीत चूक झाली तर मने दुखावतील, ही भीती खरी आहे. म्हणून मुलांनी सुरुवात मावळ्यापासून, नालबंदापासून, हरकाऱ्यापासून करावी. महाराजांच्या मूर्तीला जितका आदर द्यायचा आहे तितक्याच आदराने त्यांच्या माणसांनाही खरेपणाने रंगवणे, हाही महाराजांचाच आदर आहे.

हा महागडा परदेशी छंद आहे, असेही ऐकू येते. आयात केलेला रेझिनचा किट आणि कोलिन्स्की केसांचा ब्रश महाग असतो, यात शंका नाही. पण लहान माणसे घडवून रंगवण्याची कला कोणा एका देशाची नाही. इजिप्तमध्ये अस्यूत इथे मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची रंगवलेली लाकडी पथके सापडली. चाळीस इजिप्शियन भालाईत आणि चाळीस नुबियन तिरंदाज. भालाईतांच्या ढालींवर गाईच्या कातड्याचे ठिपके आहेत आणि ते ढालीगणिक निराळे आहेत. त्या काळचा सैनिक काय धरत होता हे सांगताना अभ्यासक आजही त्या ‘खेळण्यांकडे’च वळतात. जर्मनीत कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात कथिलाच्या लघुमूर्तींचे संग्रहालय आहे आणि त्यात सुमारे तीन लाख मूर्ती आहेत. आपल्याकडे तर साचा, शाडू आणि रंग यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले पेणचे आणि कुंभारवाड्याचे कारागीर आहेत, लाकडी रंगीत खेळणी करणारी सावंतवाडी आहे. त्यांच्या हातून चांगल्या अभ्यासावर बेतलेली, सुट्या भागांची, न रंगवलेली मूर्ती घडवून घेणे अवघड नाही. किंमत आयात किटच्या जवळपासही जाणार नाही आणि कारागिराला दिवाळीबाहेरही काम मिळेल. थ्री-डी प्रिंटरने हे आणखी सोपे केले आहे, पण प्रिंटर आकार देतो. अंगरख्याचा रंग कोणता आणि का, हे सांगत नाही. ते काम माणसाचेच राहते आणि राहावे.

काय करता येईल ते आता स्पष्टच सांगतो. किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी आणि संस्थांनी गुणांचा एक भाग चित्रांसाठी ठेवावा, आणि तो सुबकपणासाठी नव्हे, चिठ्ठीसाठी द्यावा. कुठल्या साधनावरून रंग घेतला हे ज्याला सांगता येईल त्याला गुण, आणि जिथे साधन मिळाले नाही तिथे राखाडी सोडून तसे लिहिणाऱ्याला जास्त गुण. वस्तुसंग्रहालयांनी आपल्याकडच्या शस्त्रांची आणि पोशाखांची चारी बाजूंनी मोजमापासह काढलेली छायाचित्रे शाळांना मोफत द्यावीत. ही गोष्ट पैशाची नाही, ठरवण्याची आहे. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या १९१० पासून कागद सांभाळणाऱ्या संस्थेने शिवकाळ, पेशवाई आणि शिंदे-होळकरांचा काळ यांसाठी एकेक छोटी पोशाख-पुस्तिका काढावी, तीत प्रत्येक विधानासमोर त्याचे साधन आणि त्या साधनाचा काळ असावा. आणि पालकांनी या दिवाळीत बाजारातून चित्रे आणताना निदान एक मावळा न रंगवलेला मागून घ्यावा, मुलाच्या हातात ब्रश द्यावा आणि त्याने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः न देता त्याच्याबरोबर बसून शोधावे.